पिंपरीला गाणं आहे

निवृत्तीअण्णांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं मी त्या काळी पुण्यात छातीठोकपणे सांगत असे. ते सांगायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांना गाणं मीच शिकवलं होतं, आणि मला स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी डोलत होती, तिथे एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून म्हणून चिकटलो होतो. पुण्याच्या पेठेतून सकाळच्या गाडीने निघायचं, चिंचवड स्टेशनवर उतरायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मधले आठ-नऊ तास मी परदेशवास म्हणून मोजत असे. टाइम ऑफिसचे मुख्य निवृत्तीअण्णा. पिंपरी गावातलेच, कारखान्यात जमीन गेलेल्यांपैकी एक. जिथे त्यांचं हरभऱ्याचं वावर होतं तिथेच आता हजेरीचं मशीन बसवलं होतं, आणि धोतरावर कंपनीचा खाकी कोट चढवून अण्णा त्या मशीनशेजारी उभे राहत.

"माज्याच वावरात मला पगारी राखनदार ठेवलाय," असं ते सांगत. त्यात तक्रार नसे. राखण मात्र ते खरोखरच्या राखणदारासारखी करत. आठ एकतीसला आलेल्या माणसाला ते मशीनपाशी अडवत आणि शांतपणे म्हणत, "तू आज न्हाई आला. तू उद्या लई लवकर आला." त्यात सख्ख्या चुलतभावालाही सूट नव्हती. माणसं त्यांना नावाने आठवत नसत, बिल्ल्याच्या नंबराने आठवत. "एकशे बाराच्या थोरल्या लेकीचं ठरलं," "दोनशे चार पुन्हा प्यायला लागला," अशा बातम्या ते सांगत. त्यांच्या बायकोलाही त्यांनी मनातल्या मनात एखादा नंबर दिला असावा अशी आम्हां कारकुनांची खात्री होती. बहुधा एक.

असा हा घड्याळाचा माणूस महाशिवरात्र उलटली की बिघडायचा. तिथपासून गुढीपाडव्यापर्यंतचे चार-पाच आठवडे त्यांच्या अंगात येई. थंडी सरलेली, ऊन अजून चावत नाही, ज्वारी निघालेली, जत्रा अजून यायच्या आहेत. "ह्या दिसांत देवालाबी काम नसतं," अण्णा म्हणत. "मग आपुन घरात बसून कुनाचं भलं करायचं?" दर रविवारी ते आम्हांला कुठेतरी नेत. नदीकाठी, चाकणच्या बाजूला पळस बघायला, गावोगावच्या भजनांना, नाटकांना. आम्हीही जात असू, कारण सोमवारी आठ एकतीसला पोहोचण्याचा प्रसंग प्रत्येकावर कधी ना कधी येणारच होता.

नाटकालाही ते हजेरीपुस्तक मनात घेऊनच बसत. कारखान्याच्या हौशी मंडळींनी एकदा शेडमध्ये ऐतिहासिक नाटक केलं. त्यातला राजपुत्र पॅकिंग खात्यातला होता आणि त्याची शिफ्ट नेमकी त्या दिवशी लांबली. रंगमंचावर राणी मुलाची वाट पाहून पाहून रडली, मग रडणं संपलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून रडली. शेवटी राजपुत्र धापा टाकत विंगेतून घुसला तेव्हा पहिल्या रांगेतून अण्णांचा आवाज आला, "बारा मिनिटं." राणी हसली, राजपुत्राने सवयीने मान खाली घातली, आणि पुढचा सगळा अंक तो शत्रूसमोर खालमानेनेच उभा राहिला. अण्णा नंतर म्हणाले, "नाटक झ्याक झालं. पन वारस म्हनून मी त्याला गादीवर घेतला नसता."

गाण्याचं वेड मात्र निराळं. त्याला कारण मी.

एकदा दुपारी हिशेबाचे तक्ते जुळवताना मी काहीतरी गुणगुणत होतो. अण्णांनी विचारलं, "मास्तर, तुमी पुन्याचे. तुमाला गान्यातलं कळत आसंल?"

मी म्हणालो, "थोडंफार."

पुण्यात 'थोडंफार' या शब्दाचा अर्थ 'सगळं' असा होतो, आणि तो तसाच पोहोचावा अशा बेताने मी तो उच्चारला. खरं सांगायचं तर आमच्या शेजारी एक गाणारे राहत आणि त्यांच्या रियाजाने माझी झोप मोडत असे, एवढाच माझा संगीताशी संबंध होता. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रुमालात बांधलेले हरभऱ्याचे सोलाणे ठेवले आणि म्हणाले, "शिकवा." सोलाणे परत करणं मला जिवावर आलं.

मी तीन धडे दिले. पहिला, गाणं कळो न कळो, डोळे अर्धे मिटावेत. दुसरा, दाद द्यावी ती समेवर. तिसरा धडा अर्थातच सम म्हणजे काय हा होता, आणि तिथे माझी पंचाईत झाली. थोडा वेळ छताकडे पाहून मी सांगितलं, "तबलजीकडे लक्ष ठेवायचं. त्याने मान वर केली की सम."

अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून ते मशीनशेजारी उभे राहून दाद द्यायचा सराव करू लागले. कामगार कार्ड मशीनमध्ये घालायचा, खट्ट व्हायचं, आणि अण्णा मांडीवर थाप मारून पुटपुटायचे, "वाहवा." नव्याने लागलेला एक कामगार वेळेवर आल्याबद्दल एवढं कौतुक होतंय म्हणून महिनाभर सव्वाआठलाच येत होता.

त्याच फाल्गुनात आम्ही ऑफिसची मंडळी बायकामुलांसकट बैलगाड्यांनी चाकणच्या वाटेला सहलीला गेलो. अण्णांनी कार्यक्रम कागदावर लिहून आणला होता: आठ दहाला पळस, नऊला न्याहारी, साडेनवाला सावली. पळसापाशी गाड्या थांबल्या तेव्हा मी बरोबरच्या मंडळींना "हा पांगारा" म्हणून सांगितलं आणि बायकांनी केसांत माळायला फुलं वेचली. गाडीवान रुमालात तोंड घालून हसत होता. अण्णांनी कागदावरचा पळस खोडून पांगारा लिहिला. मास्तर म्हणाला पांगारा, तर आजच्यापुरता पांगारा.

दुपारी एका विहिरीवर बसलो होतो. मोट चालू होती. बैल उतारावरून पुढे चालत, भरलेली मोट वर येई, पाणी धबाक्कन थारोळ्यात पडे, बैल पावला-पावलाने मागे सरत, मोट खाली जाई. मोट हाकणारा म्हातारा गात होता आणि त्याच्या ओळीचा शेवटचा शब्द दर वेळी पाण्याबरोबर थारोळ्यात पडत होता. अण्णा खाता खाता थांबले. भाकरी हातातच राहिली.

"मास्तर," ते म्हणाले, "बैल मागं सरले की खाली. पुढं निघाले की भरत आलं. आन पानी पडलं की सम. हे आसंच आसतंय ना?"

आज, म्हातारपणी, चार चांगली माणसं भेटून गेल्यावर मला कळतं की समेबद्दल यापेक्षा नेमकं काही मला कुणीच सांगितलेलं नाही. त्या वेळी मी कांदा फोडत म्हणालो, "छे. अहो अण्णा, ही मोट आहे. शास्त्रीय संगीत वेगळं."

"आसं व्हय," अण्णा म्हणाले, आणि भाकरी खाऊ लागले.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पुण्यात रविवारी सकाळच्या एका बैठकीला नेलं. कसं नेलं म्हणा, ते आठवडाभर माझ्याकडे रोज न बोलता बघत होते आणि बघणाऱ्याच्या हातात माझं हजेरीपत्रक होतं. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले. सगळे उपरणी-टोपीवाले. अण्णांचा फेटा त्यांच्यात असा दिसत होता की मागच्या तिघांना गवई दिसेना. मी विचार करून त्यांच्यापासून चार माणसं सोडून बसलो.

गाणं सुरू झालं. अण्णांनी डोळे अर्धे मिटले आणि तबलजीवर नजर रोवली. आता त्या तबलजीच्या तोंडात पान होतं. रस ओठांबाहेर यायला लागला की तो मान वर करायचा, गिळायचा, पुन्हा खाली. त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि अण्णांची दणदणीत दाद सभागृहात घुमली. गवयाचा श्वास तुटला. पुन्हा पान, पुन्हा मान, पुन्हा वाहवा. चौथ्या वेळी मांडीवरची थाप एवढी मोठी होती की तबलजीने दचकून सगळा रस गिळला आणि त्याला ठसका लागला.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ सावकाश वळले. पुण्यात माणूस रागावला की आवाज चढवत नाही, उतरवतो.

"कुठून आलात आपण?"

"पिंपरी," अण्णा म्हणाले.

"हां," ते गृहस्थ म्हणाले. "तिथे भोंगा असतो. तो वाजेपर्यंत कुणी उठत नाही म्हणे. गाण्याला मात्र थोडी माणसं लागतात."

आजूबाजूचे हसले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी छताचं नक्षीकाम पाहत होतो. फार सुंदर नक्षीकाम होतं, अजून डोळ्यांसमोर आहे.

स्टेशनवर त्यांना सोडायला गेलो तेव्हा मी पानाविषयी, तबलजीविषयी, अपवादाविषयी बरंच बोललो. अण्णांनी ऐकून घेतलं. गाडी लागली. डब्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "पिंपरीला गानं ठेवायचं. खरं, मोठ्या बुवांचं. पहिल्यापासनं शेवटापत्तोर. आन मधीच कुनी उठायचं न्हाई."

"अण्णा, आपले लोक अभंग ऐकतात. ख्यालाला दोन तास बसतील?"

"तेच बघायचंय."

वर्षभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. पुढचा फाल्गुन येईस्तोवर त्यांनी पुण्यातले एक वयस्क बुवा ठरवलेही. बुवा गायला थोर होते, पण त्यांचा एक नियम सगळ्या पुण्याला ठाऊक होता. गाण्यातून एक माणूस उठला की बुवा त्याच्याकडे बघत. दुसरा उठला की तंबोऱ्याच्या खोळीकडे बघत. तिसरा उठला की तंबोऱ्यावर खोळ चढे आणि बुवा घरी जात. मी अण्णांना म्हणालो, "दुसरे कुणी बघू या. जरा सोशिक." अण्णा म्हणाले, "सोशिक मानसापुढं बसनं म्हंजे बसनं न्हवं."

जागा ठरली नदीकाठची आबा पाटलांची आमराई. आबा पाटील सत्तरीचे, गलमिश्यांचे, गावात शब्दाला वजन असलेले. पाडव्याच्या आधीचा रविवार, दुपारी चार, कारण आमराईत वीज नव्हती आणि उजेड फुकट होता. मोहर गळून कैऱ्या धरू लागलेल्या. जाजमं अंथरली, पाटलांसाठी पुढे गादी आणि लोड. कारखान्याच्या साहेबांसाठी आणि त्यांच्या पत्नीसाठी एका बाजूला दोन खुर्च्या. गाव झाडून आलं होतं, फाळणीनंतर कॅम्पात वसलेली सिंधी मंडळीही मुलाबाळांसकट आली होती. अण्णांनी प्रत्येकाला घरी जाऊन सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या बोलण्यात नकळत हजेरीचा सूर लागला असावा, कारण सगळे पावणेचारलाच हजर होते.

प्रास्ताविकाचा मान माझा. मी बुवांच्या घराण्याचा इतिहास, जो मला आदल्या दिवशी कळला होता, वीस मिनिटं सांगितला आणि शेवटी म्हणालो, "बुवा आता आपल्यापुढे भूप सादर करतील." बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे भर दुपारी कंदील मागितला होता.

"सूर्य मावळला की करीन," ते म्हणाले. "तोवर भीमपलास चालेल का?"

मी चालेल म्हणालो. मोठ्या मनाने.

पहिली पंधरा मिनिटं गाव आदराने बसलं. पुढची पंधरा मिनिटं आश्चर्याने. बुवा एकाच शब्दाभोवती फिरत होते आणि शब्द काही पुढे सरकत नव्हता. माझ्या मागून कुजबुज आली.

"अभंग कवा?"

"हेच्या म्होरं आसंल."

"हे कवा सपतंय?"

"आरं ते आजून निघालंच न्हाई, सपतंय कुठनं."

सगळ्यात मागे आंब्याच्या खोडाशी अण्णा उभे होते. गाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते माणसांच्या पाठी वाचत होते. कुणाची पाठ ताठ झाली, कुणी गुडघा उचलला, कुणी चपलेकडे पाहिलं. पहाऱ्यावरचा माणूसही एवढा सावध नसतो.

साधारण पाऊण तासाने साहेबांनी घड्याळ पाहिलं. खुर्चीवरून उठले. बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. मग साहेबांच्या पत्नी उठल्या. बुवांनी तंबोऱ्याच्या खोळीकडे बघितलं. साहेबांनी जाता जाता अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि हळूच म्हणाले, "फार छान. असं दर वर्षी व्हायला हवं." दोघं जीपमध्ये बसून गेले.

आता एका माणसाचा प्रश्न होता, आणि समोर सगळं गाव होतं.

डावीकडच्या एका शेतकऱ्याने हात टेकला, उठायला लागला, आणि पुढे पाहून पुन्हा बसला. मग दुसरा तसाच. मला काही समजेना. तिसऱ्याच्या नजरेमागे माझी नजर गेली तेव्हा उलगडा झाला. सगळे पाटलांची पाठ बघत होते. पाटलाच्या आवारात पाटील बसला असताना त्याच्या आधी कुणी उठायचं नाही, मग ते भजन असो, पंगत असो की पंचायत. हा रिवाज पिंपरीत कुणी शिकवत नसे, दात येतात तसा तो येत असे. पाटील ताठ बसले होते, म्हणून गाव बसलं होतं.

मी पुढे एका बाजूला बसलो होतो, तिथून मला पाटलांचं तोंड दिसत होतं. पाटील झोपले होते.

घरी पाहुणे होते, दुपारी पुरणपोळी झाली होती, अंगावरून नदीचा वारा येत होता. लोडाला टेकून, गलमिश्या छातीवर, पाटील शांत झोपले होते आणि बारीक घोरतही होते. मागच्यांना फेटा दिसत होता आणि फेटा सरळ होता. पण तो हळूहळू उजवीकडे कलायला लागला होता.

इथे माझ्यातला पुणेरी सभ्यपणा जागा झाला. बुवांच्या समोर अध्यक्षस्थानीचा माणूस घोरतो म्हणजे काय. त्यांना शोभेलशा रीतीने जागं करावं म्हणून मी शेजारचं विड्यांचं तबक उचललं आणि उठून पाटलांकडे निघालो.

यात दोन चुका होत्या. एक म्हणजे गावात प्रमुख पाहुण्याच्या हाती विडा पडला की कार्यक्रम संपला असा अर्थ होतो. मी ते तबक उचलताच मागे निदान पन्नास माणसांनी चपलांसाठी हात लांब केले. दुसरी चूक त्याहून मोठी होती. मी उठलो होतो. तिसरा माणूस मी होतो.

बुवांचा आवाज थांबला. बोटं तारांवरून खाली आली आणि हात खोळीकडे गेला. आमराईत पाखरंसुद्धा गप्प झाली असं मला वाटलं, पण ते भीतीनेही वाटलं असेल.

अण्णा कधी पुढे आले मला कळलं नाही. कोटाचं टोक धरून त्यांनी मला असं खाली ओढलं की मी तबकासकट बसलो. बुवांपुढे हात जोडून ते म्हणाले, "बुवा, मानूस पुन्याचा हाय. दाद द्यायला उठला व्हता. बसून दिलेली दाद त्येला पुरत न्हाई."

बुवा माझ्याकडे बघत राहिले. सगळं गाव माझ्याकडे बघत राहिलं.

"द्या," बुवा म्हणाले.

"वाहवा," मी म्हणालो. असा बारीक, केविलवाणा वाहवा त्या नदीकाठी आधी कधी उमटला नसेल. बुवांच्या मिशीचं एक टोक हललं. त्यांनी हात खोळीवरून काढला आणि तंबोरा पुन्हा छेडला.

एवढ्यात पाटील आणखी कलले. फेटा आता आडवा होणार आणि मागच्यांना वाटणार पाटील उठले. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, लोड हळूच बाजूला सारला आणि ते पाटलांच्या पाठीला पाठ लावून बसले. पाटलांचं डोकं त्यांच्या खांद्यामागे टेकलं, फेटा सरळ झाला. अण्णांचं तोंड गावाकडे, पाठ बुवांकडे.

ज्या माणसाने या एका गाण्यासाठी वर्ष घालवलं त्याने ते असं ऐकलं. गाणाऱ्याकडे पाठ करून, अंगावर सत्तर वर्षांचा पाटील घेऊन. मुलतानी सुरू झाला, बुवांचा आवाज तापला, तानांवर ताना येऊ लागल्या, आणि अण्णा खांबासारखे. मान हलवली तर पाटील जागा होणार. मांडीवर थाप मारली तर पाटील जागा होणार. एकदा त्यांच्या नाकावर माशी बसली. मी तिच्याकडे बघत होतो, गाव तिच्याकडे बघत होतं, अण्णाही तिच्याकडे बघत होते. ती तिला हवं तेवढं बसली आणि गेली. फक्त एका जागी, बुवा फार उंचावरून सावकाश खाली उतरले तेव्हा, अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. पायांना मुंग्या येत असाव्यात असं मी तेव्हा धरून चाललो.

ऊन नदीपलीकडे गेलं. बुवांनी भूप गायला आणि माझ्याकडे एकदा मुद्दाम पाहिलं. मग अभंग झाला. अभंगाला टाळ्या वाजल्या तेव्हा पाटील जागे झाले, मिश्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सपलं व्हय? लवकर सपवलं." ते उठले. गाव उठलं. अण्णांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

बुवांना पोहोचवायला आम्ही टांग्याने चिंचवड स्टेशनला गेलो. मलाही त्याच गाडीने पुण्याला जायचं होतं. वाटेत बुवा फार खुशीत होते. "दोन सोडले तर एक माणूस हलला नाही हो. पुण्यात सांगतो, पिंपरीला गाणं आहे."

हे अण्णांना वर्षभर ऐकायचं होतं. मी त्यांना कोपराने ढोसलं. अण्णांनी मांडीवरचा तंबोरा नीट धरला. गाडी आली, तंबोरा चढवला, बुवा खिडकीत बसले, मी त्यांच्या समोर. शिट्टी झाली तेव्हा अण्णा खिडकीजवळ आले.

"बुवा, खोटं कशाला न्या पुन्याला. पाटील निजले व्हते. ते उठंनात म्हनून गाव बसलं."

मी कपाळाला हात लावला. एवढं एक वाक्य गिळायला काय हरकत होती, एवढं त्या तबलजीलाही जमत होतं.

"अहो, मला दिसत नव्हते का," बुवा म्हणाले. "समोर तर होते."

"मग?"

"मग काय? पाटील उठेपर्यंत मला तरी उठता येतं का? मीही खेड्यातलाच आहे." बुवांनी उपरणं सारखं केलं. "त्या भानगडीत आज बऱ्याच वर्षांनी नीट गायलो. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "पन हलता आलं न्हाई."

गाडी हलली. पुढच्याच महिन्यात मला मुंबईला नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी अण्णा रजेवर होते, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्या मनात राहिलं ते या फलाटावरचंच. मी खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात रिकाम्या फलाटावर अण्णा एकटेच उभे होते, डोळे मिटून. त्यांचा फेटा सावकाश डावीकडे गेला, उजवीकडे आला, मग एकदम खाली झुकला आणि त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की दिवा घेऊन चाललेला स्टेशनचा माणूस दचकला. अण्णा पुन्हा डोलायला लागले. त्या माणसाने जवळ जाऊन त्यांना काहीतरी विचारलं. डोळे न उघडता अण्णांनी त्याच्यापुढे हात आडवा धरला, की थांब, चालू आहे अजून.